न दाबण्याचा निर्णय

आमच्या कारखान्याच्या गव्हाणीवर एकोणीसशे एकाहत्तरच्या हंगामात एक लाल बटण बसवलं, आणि त्या दिवसापासून आम्ही कामगार स्वतंत्र झालो. देश आधीच झाला होता. आमचं तेवढं राहून गेलं होतं.

कारखान्याचं नाव सांगत नाही. नगर जिल्ह्यात आहे, पाटाच्या पाण्यावर आहे आणि चेअरमन आप्पासाहेब आहेत, एवढं पुरे.

ज्यांनी साखर फक्त चहात बघितली त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाण म्हणजे कारखान्याचं तोंड. गाडीतला ऊस तिथं टाकतात. खाली लोखंडी पट्टा सरकत असतो, तो ऊस वर नेतो. वरच्या टोकाला फिरती पाती असतात. ती उसाचे तुकडे करतात, मग रस निघतो, साखर होते आणि शेवटी चेअरमनचा सत्कार होतो.

आधी या पट्ट्यावर भिमाजी मुकादमांचं राज्य होतं. पट्टा थांबवायची पद्धत सोपी होती. कुणीही ओरडायचं, "थांबीव रं!" भिमाजी खांद्यावरचा पंचा वर करायचे. इंजिनवाला पंचा बघून खटका ओढायचा. पट्टा थांबला. उसात दगड आला, पहार आली, कुणाचा कोयता राहिला, की पंचा वर. कारण कुणी विचारत नव्हतं. ही पद्धत इतकी अडाणी होती की ती रोज चालायची.

मग मुंबईहून कपाटाएवढं यंत्र आलं. त्याला हिरवे-पिवळे दिवे होते. पट्ट्यावर ऊस किती आहे ते यंत्र आपलं आपण ओळखायचं. जास्त असला तर पट्टा हळू, कमी असला तर जोरात. भिमाजींचा पंचा त्या दिवशी खांद्यावरून खाली आला आणि घाम पुसायच्या कामाला लागला. तेही काम फारसं राहिलं नव्हतं.

यंत्राबरोबर पुण्याहून कानिटकर साहेब आले. ते उत्पादकतेचे तज्ज्ञ होते. उत्पादन करणारे वेगळे आणि उत्पादकतेचे तज्ज्ञ वेगळे, हे आम्हाला तेव्हा कळलं. यंत्राशेजारी एक लाल बटण लावायचं ही त्यांचीच कल्पना.

बटणाचं उद्घाटन झालं. नारळ फुटला, बटणाला हार घातला. "आता आप्पासाहेब बटण दाबून उद्घाटन करतील," असं माईकवरचे गुरुजी म्हणाले आणि सगळे गडबडले. कारण दाबलं तर कारखाना बंद पडणार होता. शेवटी आप्पासाहेबांनी बटणाला हात जोडले आणि तेच उद्घाटन धरलं.

कानिटकर साहेब म्हणाले, "मित्रांनो, आजवर तुम्ही पट्टा चालवत होता, म्हणजे पट्ट्याचे गुलाम होता. आता काम यंत्र करेल. माणूस निर्णय घेईल. हे बटण दाबायचं की नाही हे पूर्णपणे तुमच्या मनावर आहे. मी सांगणार नाही. चेअरमनसाहेब सांगणार नाहीत."

"आमी काय बी सांगनार न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. "फकस्त लक्ष ठिवू."

बटणापाशी उभं राहायला बन्सीला नेमलं.

बन्सी आमच्यातला हंगामी गडी. हंगामी म्हणजे बॉयलर पेटला की कामावर, विझला की घरी. पाच-सहा वर्षं त्याचं असंच चाललेलं. कायम झाला तर त्याला कॉलनीत खोली मिळणार होती. खोली मिळाली तर त्याची बायको चांगुणा केडगावहून, माहेराहून, परत येणार होती. जाताना तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "हंगामी नवऱ्याकडं मी बी हंगामीच ऱ्हाईन." त्यामुळं बन्सीला स्वातंत्र्य-बितंत्र्य काही नको होतं. त्याला कायमची ऑर्डर पाहिजे होती. पण त्याच्या वाट्याला नेमकं स्वातंत्र्य आलं.

पहिला आठवडा आम्ही सगळ्यांनी ते उपभोगलं. दगड दिसला, बन्सीला सांगितलं, दाबलं. दगड असावा असं वाटलं, दाबलं. कुणाला तंबाखू मळायची होती, आणि डोळ्यांपुढून पट्टा सरकत असला की चुन्याचा अंदाज येत नाही, म्हणून दाबलं. एकाचे सासरे कारखाना बघायला आले, त्यांना जावयाची वट दिसावी म्हणून दाबलं. सासऱ्यांनाही दाबावंसं वाटलं, त्यांनीही दाबलं.

उसाचं गाळप बसलं. आप्पासाहेबांनी आम्हाला गव्हाणीवरच गोळा केलं.

"सोतंत्र दिलंय म्हंजी लगीच वापरायचं का रं? माज्या घरात बंदूक हाय. मी रोज उडीवतो का?"

भिमाजी म्हणाले, "पर आप्पासायेब, दगूड आला तर?"

"दगूड आला तर दाब की! तुला कोन नको म्हनलं? फकस्त का दाबलं ते कमिटीफुडं येऊन सांगायचं. मोकळेपनानं."

दुसऱ्याच दिवशी दगड आला. भिमाजींनी स्वतः बटण दाबलं आणि मोकळेपणानं दगड घेऊन कमिटीपुढं गेले. कमिटीत सगळे संचालक. दगड टेबलावर ठेवला. एक संचालक म्हणाले, हा काही फार मोठा नाही. दुसरे म्हणाले, नवीन यंत्र आहे, एवढा सहज पचवेल. तिसऱ्यांनी विचारलं, हा कुणाच्या रानातल्या उसातून आला? तो तिसऱ्यांच्याच रानातला निघाला. तेव्हा हा दगड नसून ढेकूळ आहे असं एकमतानं ठरलं, आणि ढेकळासाठी पट्टा थांबवल्याबद्दल भिमाजींना समज देण्यात आली. भिमाजी जाताना ढेकूळ उचलायला लागले तर एक संचालक म्हणाले, "असू द्या, कागदावर ठेवायला बरं आहे."

त्यानंतर बटण कुणी दाबलं नाही. दगड येत राहिले. आम्ही त्यांना ढेकळं समजून जाऊ दिलं. पात्यांना खांडं पडली. पण पाती बदलणं दुरुस्ती खात्याच्या नावावर पडत होतं, त्यामुळं आमचं काम उत्तम होतं.

महिनाभरानं कानिटकर साहेब आले. त्यांनी विचारलं, "किती निर्णय झाले?"

"एक बी न्हाई सायेब," बन्सी अभिमानानं म्हणाला.

साहेबांचा चेहरा पडला. "एकही नाही? अहो, यंत्र आपलं काम करतंय. माणूस करत नाही!" आणि त्यांनी आप्पासाहेबांना सांगितलं, की ज्या कामगाराला निर्णयच घेता येत नाही त्याला कायम करणं म्हणजे कारखान्याच्या भवितव्याशी खेळ आहे.

आप्पासाहेबांनी बन्सीला बोलावलं.

"बन्सी, तुजं नाव कायम करायच्यात हाय. पर सायेब म्हनत्यात, ह्यो गडी काय ठरवतच न्हाई."

"मंग दाबू का सायेब?"

"दाब म्हनलो का मी?"

"मंग नको दाबू?"

"तसं बी म्हनलो न्हाई. तू सोतंत्र हायेस. गाळप कमी व्हता कामा नये आन निर्णय वाढलं पायजेत, एवढंच बघ. बाकी तुज्या मनावर."

बन्सी बाहेर आला तो पायरीवरच बसला. भिमाजी तिथं बिडी ओढत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आरं येड्या," ते म्हणाले, "बटान दाबत न्हाईस तवा तू काय करतोस?"

"उबा ऱ्हातो."

"उबा न्हाई ऱ्हात. दाबायचं न्हाई आसं ठरीवतोस. त्यो बी निर्णयच की."

भिमाजींनी ही थट्टा केली होती. बन्सीनं ती जशीच्या तशी कानिटकर साहेबांना सांगितली. साहेब खुर्चीतून उठले. बन्सीचा हात हातात घेतला. "न दाबण्याचा निर्णय! अहो, हा तर पुढचा टप्पा आहे! यावर पुण्यात कुणी विचारच केलेला नाही!" त्यांची एकच अडचण होती. माणूस नुसता उभा आहे की निर्णय घेतोय, हे लांबून ओळखू येत नाही. तेव्हा निर्णय मोठ्यानं सांगावा.

झालं. दुसऱ्या दिवसापासून ऊस पट्ट्यावर पडला की बन्सी बटणाकडं बघून ओरडायला लागला, "न दाबण्याचा निर्णय!"

बन्सी मूळचा गोंधळात झील धरणारा. गळा तयार. त्याची आरोळी पार वजनकाट्यापर्यंत जायची. मग साहेबांना वाटलं एकट्या बन्सीनंच का स्वतंत्र असावं? बटण सगळ्यांचं आहे. म्हणून आम्हालाही ओरडायला लावलं. मग पाळ्यापाळ्यांत स्पर्धा लागली. कुठल्या पाळीचे निर्णय जास्त, ते फाटकावरच्या फळ्यावर खडूनं लिहू लागले. पहिली पाळी प्रत्येक गाडीला ओरडायची, तर दुसरी प्रत्येक मोळीला ओरडू लागली. तिसऱ्या पाळीनं ऊस नसतानाही ओरडून आघाडी घेतली. कारखान्यानं सगळ्यांना ज्येष्ठमध पुरवलं. गाडीतळावरचे बैल पहिल्यांदा बुजले, मग त्यांनाही सवय झाली. पुढं पुढं तर ती आरोळी ऐकल्याशिवाय ते जागचे हलत नसत.

पलीकडच्या कारखान्यांतून लोक बघायला येऊ लागले. एवढे निर्णय आणि एकदाही पट्टा बंद नाही! साखरेचा उतारा, म्हणजे उसामागं निघणारी साखर, तेवढा जरा घसरला होता, कारण ढेकळांना रस नसतो. पण उतारा हा उसाचा गुण आहे आणि निर्णय हा माणसाचा, असं कानिटकर साहेबांनी पाहुण्यांना समजावून सांगितलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्यांचाही उतारा घसरलेलाच होता, फक्त त्यांच्याकडं निर्णय नव्हते.

मग तो दिवस आला. पाच कारखान्यांचे चेअरमन येणार होते. गव्हाणीच्या कडेला मांडव टाकला, खुर्च्या मांडल्या. कार्यक्रमाच्या शेवटी बन्सीला कायमची ऑर्डर सगळ्यांसमोर द्यायची, असं ठरलं होतं. ऑर्डर आप्पासाहेबांच्या कोटाच्या खिशात होती. बन्सीनं सकाळीच केडगावला निरोप धाडला होता, "सामान बांध."

तो धुतलेला सदरा घालून बटणापाशी उभा राहिला. अशा काही आरोळ्या देत होता, की पाहुण्यांनी दोनदा टाळ्या वाजवल्या.

इतक्यात गाडीतळावर छबूबाईची शेळी सुटली.

छबूबाई पाथर्डीकडची. दरवर्षी ऊस तोडायला टोळीबरोबर येणारी. कोपीवर, म्हणजे तिच्या पाचटाच्या झोपडीत, तिचा आईवेगळा नातू होता आणि त्याचं दूध म्हणजे ही शेळी. शेळीला उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, दिसलं. ती एका गाडीवर चढली आणि चरत राहिली. गाडी गव्हाणीला लागली, ऊस खाली टाकला. उसाबरोबर शेळीही पट्ट्यावर आली.

ती घाबरली नाही. वाढं आयतंच समोर होतं. ती उभी राहून खात होती आणि पट्टा तिला वर नेत होता. त्या खेपेला ऊस थोडा होता. यंत्राला भार कमी वाटला, म्हणून त्यानं पट्टा जरा जोरात घेतला.

"आगं बया! माजी शेळी!" छबूबाई पळत आली. "थांबवा! आरं ए दादा, थांबीव की! पात्यावर चालली माजी शेळी!"

बन्सीचा हात वर गेला.

"कुणी त्याला काही सांगू नका!" कानिटकर साहेब ओरडले. "त्याच्यावर दडपण येईल! त्याचं त्याला ठरवू दे!"

पाहुण्या चेअरमननी खिशातून पेनं काढली. हे प्रात्यक्षिक मुद्दाम ठेवलंय असं त्यांना वाटलं. एकजण शेजारच्याला म्हणाला, "लई भारी कल्पना काढलीय. शेळी पन शिकीवलेली दिसती."

"आमी काय बोलत न्हाई," आप्पासाहेब म्हणाले आणि कोटाच्या खिशावरून नुसता हात फिरवला.

तिसरे संचालक पुढं वाकून म्हणाले, "शेळीच हाय का पर? नीट बघा."

भिमाजींनी पंचा हातात घेतला. सवयीनं वर उचलला. मग त्यांच्या लक्षात आलं की तो बघणारा इंजिनवाला आता नाही. त्यांनी पंचा खाली घेतला.

बन्सी बटणाकडं बघत होता. मग शेळीकडं. मग आप्पासाहेबांच्या खिशाकडं. हात तसाच वर. आणि इतक्या दिवसांच्या सवयीनं त्याच्या तोंडून आपोआप आरोळी निघाली, "न दाबण्याचा..."

"सर, मुडद्या!"

छबूबाईनं त्याला खांद्यानं ढकललं आणि कोयत्यानं घट्टे पडलेला तळवा फाडदिशी बटणावर मारला.

पट्टा थांबला.

 शेळी पात्यांच्या अलीकडं उभी होती. ती तशीच चघळत राहिली. सगळ्या कारखान्यात त्या वेळी चालू असलेलं काम तेवढंच.

पाहुण्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. पण आप्पासाहेबांनी खिशातला हात बाहेर काढला, तो रिकामाच.

यंत्र बंद करणं सोपं होतं. सुरू करताना मात्र त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागे, आणि ते सांगणारा माणूस सुरुवातीला इथंच मुक्कामी होता, तो आता मुंबईला परत गेला होता. तो येईपर्यंत कारखाना ठप्प. भिमाजींनी पट्ट्यावर बसून भाकरी खाल्ली.

मग चौकशी. छबूबाईला बोलावलं. ती शेळी घेऊनच आली, कारण आता तिचा कुणावर भरवसा राहिला नव्हता.

"बाई, बटण तुम्ही दाबलं?" कानिटकर साहेबांनी विचारलं.

"दाबलं की."

"कोणत्या अधिकारानं?"

"हातानं."

"तसं नाही. तुम्ही कारखान्याच्या कामगार आहात का?"

"न्हाई बाबा. आमी टोळीतली मान्सं. आमाला कुटं कारखाना वळखतोय?"

साहेबांनी डोळे मिटून विचार केला. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे यांना निर्णयाचं स्वातंत्र्य नाही. स्वातंत्र्य नाही, तर निर्णय नाही. निर्णय झाला नसेल तर पट्टा थांबला असं म्हणता येत नाही."

सगळ्यांना हायसं वाटलं. पट्टा थांबलाच नव्हता, असं ठरलं. छबूबाई मोकळी झाली. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. पट्टा चालू होता, तर गाळप का झालं नाही? चालू पट्ट्यावर पाळीनं आळस केला, हे उघड होतं. आम्हाला सगळ्यांना समज मिळाली.

भिमाजी म्हणाले, "आवो, पट्टा चालू व्हता म्हनता. मंग मी त्येच्यावर बसून भाकर खाल्ली ती कशी?"

"ते अत्यंत धोक्याचं होतं," साहेब म्हणाले. "त्याची तुम्हाला वेगळी समज."

राहता राहिलं बटण. त्यावर कमिटी बराच वेळ बसली. यंत्रात दोष नव्हता. माणसांना समज दिलेली होती. मग खोट कुठं? शेवटी आप्पासाहेबांच्या ध्यानात आलं, की हे बटण कुणीही दाबलं तरी पट्टा थांबवतं. माणूस बघत नाही, हुद्दा बघत नाही. असलं बटण कारखान्यात ठेवणं बरं नव्हे. पण काढावं तरी पंचाईत, कारण बटण काढलं की कामगारांचं स्वातंत्र्य गेलं, आणि त्यावर तर कानिटकर साहेब दिल्लीला भाषण करायला जाणार होते.

आप्पासाहेबांनी बन्सीला एकट्याला बोलावलं. टेबलावर एका बाजूला त्याची ऑर्डर होती. दुसऱ्या बाजूला पक्कड.

"बस बन्सी. बटनाचं काय करावं म्हनतोस?"

"तुमी सांगाल तसं."

"मी कशापायी सांगू? तुज्या हद्दीतलं हाय ते. तू ठरवायचं."

बन्सीनं ऑर्डरकडं बघितलं. मग पक्कडीकडं.  आप्पासाहेबांना घाई नव्हती. ते खिडकीतून गाडीतळाकडं बघत बसले.

"मागची वायर तोडली तर..." बन्सी हळूच म्हणाला.

"बघ! सुचलं का न्हाई तुला? मी म्हनलो का? कानिटकर सायेब म्हनलं का?"

"पर सायेब, उद्या परत एकादी शेळी आली तर?"

आप्पासाहेबांनी त्याच्याकडं नीट बघितलं. अगदी मायेनं म्हणाले, "तवा तू कायम आसशील."

बन्सीनं पक्कड उचलली.

तो त्याचा पहिला खरा निर्णय म्हणून नोंदला गेला. न दाबण्याच्या निर्णयांत तो धरला नाही. ऑर्डर मिळाली, खोली मिळाली. चांगुणा केडगावहून हंडा-कळशी, स्टो आणि देव्हारा घेऊन टेम्पोतून आली. खोलीला खिडकी होती, खिडकीतून कारखान्याचं धुराडं दिसत होतं. ती खूश होती. आम्ही पेढे खाल्ले.

आणि आमच्या स्वातंत्र्याला आता काही सीमाच राहिली नाही. ज्येष्ठमध बंद झालं, आरोळ्या बंद झाल्या, कमिटी बंद झाली. कारणं सांगायची गरज नाही. ज्याला वाटेल त्यानं, वाटेल तेव्हा, वाटेल तितक्यांदा बटण दाबावं. आप्पासाहेबांनी मोठ्या मनानं ही सवलत सभासदांनाही दिली. मग टोळीवाल्यांना. मग गावाला. शाळेच्या सहली येऊ लागल्या. नवी जोडपी येऊन दोघांनी मिळून दाबू लागली. पाटाच्या पाण्याचं आवर्तन लांबलं, लोक दाबून गेले. एस. टी. वेळेवर येईना, दाबून गेले. पुढच्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं तेव्हा तर रांग फाटकाच्या बाहेर गेली. माणूस येताना तापलेला असायचा आणि जाताना शांत. "आलो बाबा दाबून," म्हणायचा. गाळपाला मात्र कधी धक्का लागला नाही. कानिटकर साहेबांनी दिल्लीत सांगितलं, की माणसाला जितकं जास्त स्वातंत्र्य द्यावं तितका कारखाना विनाखंड चालतो. हे आता सिद्ध झालं आहे.

बन्सीचं काम म्हणजे रांग लावणं. कायम, वर्षभर.

एकदा चांगुणा त्याचा डबा घेऊन गव्हाणीवर आली. एवढ्या बायका उभ्या आहेत म्हणून तीही रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला. तिनं पदर खोचला, बटण दाबलं आणि पट्ट्याकडं बघत राहिली. पट्टा चालूच.

तिनं परत दाबलं. मग नवऱ्याकडं बघितलं.

"आवो, थांबना की ह्ये."

"थांबायचं का न्हाई ते यंत्र ठरवीतं," बन्सी म्हणाला. "तू दाबायचं ठरवलंस, दाबलंस. झालं तुजं काम."

"म्हंजी आपल्या घरातल्यावानीच की."

"घरातलं काय?"

"मला इचारता न्हाई का सारखं, चांगुणा तुजं काय म्हननं हाय? मी सांगती. मंग मामंजी म्हनतील तेच करता."

रांगेतल्या बायका हसल्या. बन्सीही हसला. दुसरं काय करणार? मग त्यानं डबा घेतला आणि म्हणाला, "चल, फुडं सरक. मागं मान्सं थांबल्यात."

चांगुणा सरकली. पण जाता जाता वाकून तिनं बटणाच्या पाठीमागं बघितलं. काय दिसलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं एवढंच, आणि बन्सीनं मीठ मागितलं नाही.

तुम्हीही या एकदा आमच्याकडं. मुद्दाम यायची गरज आहे असंही नाही म्हणा, तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, पंचायतीत असलं एखादं असेलच, आणि ते दाबून दाबून तुमच्या बोटानं गुळगुळीतही झालं असेल. दाबत राहा. फक्त आमच्या चांगुणेसारखं वाकून मागं बघू नका. रांग अडते, आणि मग मागचे लोक तुम्हालाच ओरडतात.